हाताने केलेला साबण: पहिली वडी निवडण्यापासून शेवटच्या कपचीपर्यंत

छोट्या कारागिराचा साबण पहिल्यांदा हातात आला की बहुतेक जण वडी थेट नाकाला लावतात. मीही तेच करायचे. वास आवडला की वडी पिशवीत. त्या सवयीमुळे माझ्याकडे सुरेख वासाच्या, पण अंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी करणाऱ्या वड्यांचा ढीग जमला. आता मी वडी आधी उलटी करून त्यातली तेलं वाचते, मग ती कधी कापली ते विचारते, आणि वास सगळ्यात शेवटी घेते. नव्याने या वाटेला येणाऱ्यांनी हा क्रम पहिल्या दिवसापासून पाळला तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. तो कसा पाळायचा, ते सविस्तर सांगते.

सुरुवातीला थोडं रसायन

साबण होतो तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून. सोडा पाण्यात विरघळवून तेलात मिसळला की तेलाचा रेणू फुटतो आणि त्यातून दोन गोष्टी तयार होतात: साबण आणि ग्लिसरीन. ग्लिसरीनचं वजन तेलाच्या साधारण एक दशांश भरतं. कारखान्यात ते बरेचदा वेगळं काढून दुसरीकडे वापरतात. हाताने केलेल्या वडीत ते जसंच्या तसं राहतं. अशी वडी हाताला मऊ लागते आणि ओल्या जागी ठेवली तर लवकर गळते, याचं एक मोठं कारण हे ग्लिसरीनच.

माणूस हजारो वर्षं साबण करत आला, पण तेलाचं नेमकं काय होतं हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तेल-चरबीवरचं आपलं संशोधन १८२३ साली पुस्तकरूपात मांडलं आणि साबण होताना तेलातली मेदाम्लं सुटी होऊन अल्कलीशी, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराशी, जोडली जातात हे स्पष्ट झालं. त्याआधीच्या सगळ्या पिढ्यांनी साबण केला तो हाताच्या आणि डोळ्यांच्या अंदाजावर.

आजचा कारागीर मात्र अंदाजावर काम करत नाही, करूही नये. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण साडेतेरा ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच खोबरेल तेलाला अठरा ग्रॅमच्या वर. म्हणून साबण करणाऱ्याच्या टेबलावर वजनकाटा दिसला पाहिजे. वाटी-चमच्याच्या मापाचं इथे काम नाही. शिवाय बहुतेक कारागीर हिशेबापेक्षा सोडा थोडा कमीच घालतात, सर्वसाधारणपणे ५ टक्के, म्हणजे तेवढं तेल साबण न होता वडीतच उरतं. याला सुपरफॅट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

यादीत कॉस्टिक सोडा किंवा सोडियम हायड्रॉक्साइड दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. माप बरोबर असेल आणि वडी नीट मुरलेली असेल तर तो सगळा सोडा साबण होण्यात संपलेला असतो. उलट एखाद्या वडीवर ‘केमिकल-फ्री’ किंवा ‘सोड्याशिवाय बनवलेला साबण’ असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. अल्कलीशिवाय साबण होत नाही. असं लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून तो ते सांगत नसतो. दोन्ही गोष्टी वाईटच.

पहिली पायरी: वडी कोणत्या पद्धतीची आहे ते ओळखा

छोट्या कारागिरांकडे मुख्यतः तीन प्रकार भेटतात.

कोल्ड प्रोसेसमध्ये तेल आणि सोड्याचं पाणी एकत्र करून घोटतात. मिश्रण पातळ कस्टर्डसारखं झालं, वरून ओघळलेली धार क्षणभर पृष्ठभागावर तशीच दिसू लागली, की ते साच्यात ओततात. एक-दोन दिवसांनी लादी घट्ट होते, तिच्या वड्या कापतात आणि त्या चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर मुरत ठेवतात. नक्षीदार, लाटालाटांच्या, गुळगुळीत वड्या बहुधा या पद्धतीच्या असतात.

हॉट प्रोसेसमध्ये तेच मिश्रण मंद आचेवर शिजवतात. साबण भांड्यातच तयार होतो, पण लगदा घट्ट असल्याने वडी थोडी खडबडीत, ओबडधोबड दिसते. ती लवकर वापरता येते हे खरं, तरी काही आठवडे सुकली की जास्त टिकते.

तिसरा प्रकार मेल्ट अँड पोअर. तयार साबणाचा ठोकळा आणून वितळवायचा, त्यात रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचा. पारदर्शक वड्या, आत फुलं अडकवलेल्या वड्या, रेघ मारल्यासारखे थर असलेल्या वड्या बहुतेक वेळा या घराण्यातल्या. दमट हवेत त्यांच्यावर घामासारखे थेंब जमतात. यात हाताचं कौशल्य असतं, मी ते कमी लेखत नाही. पण साबणाची कृती त्या कारागिराची नसते, ठोकळा बनवणाऱ्याची असते. तेलं बघून निवड करायची असेल तर मग त्या ठोकळ्यात काय आहे हे विचारावं लागतं.

दुसरी पायरी: तेलं वाचा

वडीचा स्वभाव ठरतो तो तेलांवरून. इथे थोडा जास्त वेळ द्या.

खोबरेल तेल भरपूर, मोठ्या बुडबुड्यांचा फेस देतं आणि वडी टणक करतं. या साबणाला समुद्राच्या पाण्यातही फेस येतो. पण तो स्वच्छता करताना मागे काही ठेवत नाही, त्वचेचं स्वतःचं तेलही काढून नेतो. म्हणून अंगाच्या साबणात खोबरेल साधारण १५ ते ३० टक्क्यांच्या आसपास ठेवायची बऱ्याच कारागिरांची पद्धत आहे. यादीत खोबरेल पहिल्या क्रमांकावर असेल तर सुपरफॅट किती ते विचारा. पूर्ण खोबरेलाच्या वडीत तो २० टक्क्यांपर्यंत नेला की तीच वडी बऱ्यापैकी सौम्य होते. ५ टक्केच असेल तर ती कपडे आणि भांडी धुवायला उत्तम.

ऑलिव्ह तेलाचा साबण याच्या अगदी उलट. सौम्य, पण फेसाच्या बाबतीत संकोची. नवा असताना तर तो बुळबुळीत लागतो. शिया बटर, कोको बटर आणि पाम तेल वडीला घट्टपणा आणि सायीसारखा दाट फेस देतात. पाम तेल वापरलं असेल तर ते कुठून आलं हे विचारणं रास्त आहे, कारण या तेलासाठी फार मोठी जंगलं तोडली गेली आहेत. एरंडेल तेल एकटं साबणाला फारसं कामाचं नाही, पण ५ ते १० टक्के घातलं की इतर तेलांचा फेस टिकवून धरतं. यादीत शेवटी-शेवटी एरंडेल दिसलं की मला बरं वाटतं, कारण कृती विचार करून बांधली आहे हे त्यातून कळतं.

कधी यादीत तेलांऐवजी त्यांच्या साबणांची नावं असतात. सोडियम ऑलिव्हेट म्हणजे ऑलिव्ह तेलाचा साबण, सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाचा, सोडियम पामेट म्हणजे पामचा आणि सोडियम टॅलोएट म्हणजे प्राण्यांच्या चरबीचा. चरबी ज्यांना चालत नाही त्यांनी हे शेवटचं नाव पाठ करून ठेवावं. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असं काही दिसलं तर ती वडी रासायनिकदृष्ट्या साबण नव्हेच. तो वेगळ्या जातीचा धुण्याचा पदार्थ आहे. वाईट असं नाही, पण हा लेख त्याच्याबद्दल नाही.

जुन्या घराण्यांची नावंही अशीच तेलावरून ओळखायची. सीरियातल्या अलेप्पो शहराचा साबण ऑलिव्हचं आणि लॉरेल नावाच्या झाडाचं अशा दोन तेलांचा. कढईत शिजवून तो जमिनीवर पसरतात, कापतात आणि वड्यांचे मनोरे रचून कित्येक महिने वाळवतात. बाहेरून पिवळट तपकिरी झालेली ती वडी मधोमध कापली तर आत अजून हिरवीगार असते. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा साबण पांढरा, ऑलिव्हचा. या दोन्ही परंपरांची २०२४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात तर १६८८ च्या राजाज्ञेने साबणात ऑलिव्हखेरीज दुसरा मेद घालायला बंदी केली होती. आज ‘मार्सेय’ असं छापलेली प्रत्येक वडी ऑलिव्हची असेलच असं नाही, म्हणून नाव कितीही मोठं असलं तरी यादी वाचायचीच.

तिसरी पायरी: वास आणि रंग यांना प्रश्न विचारा

सोड्याच्या संपर्कात नैसर्गिक रंग कसे वागतात हे कळलं की साबण बघण्याची नजरच बदलते. बीटचा लालभडक रस साबणात टिकत नाही, तो मातकट होऊन जातो. हळद आधी तांबूस होते, मग केशरी-पिवळ्यावर येते आणि उजेडात हळूहळू फिकी पडते. हिरव्या वनस्पतींचा हिरवा काही महिन्यांत करडा किंवा तपकिरी होतो. टिकतात ती माती, कोळशाची पूड, नीळ आणि मंजिष्ठेसारखी काही मुळं. म्हणून ‘बीटरूट साबण’ असं लिहिलेली वडी चमकदार गुलाबी असेल तर तो गुलाबी रंग बीटचा नाही. दुसरा रंग वापरणं गुन्हा नाही. नाव बीटचं आणि रंग भलत्याचा असेल तर मात्र बाकीच्या यादीवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न उरतो. लॅव्हेंडरच्या फुलांचंही तसंच. लगद्यात मिसळली तर तपकिरी होतात, म्हणून जाणकार ती फक्त वरून भुरभुरतात.

वासाचे दोन मार्ग: वनस्पतींपासून काढलेली इसेन्शियल ऑइल्स आणि प्रयोगशाळेत जुळवलेली फ्रॅग्रन्स ऑइल्स. पहिलं चांगलं आणि दुसरं वाईट अशी सरळ वाटणी करू नका. लवंग आणि दालचिनीची तेलं अस्सल वनस्पतींचीच, पण प्रमाण जास्त झालं तर त्वचेची आग करतात. लिंबूवर्गीय वास लवकर उडून जातात, पचौलीसारखे रेंगाळतात. तुमची त्वचा नाजूक असेल तर पहिली वडी बिनवासाची घ्या. ती सगळ्यात साधी दिसते, म्हणून बरेचदा मागच्या रांगेत पडलेली असते. खरं तर कारागिराची परीक्षा तिच्यातच होते, कारण तिथे तेलांना लपायला जागा नसते.

चौथी पायरी: कारागिराशी बोला

छोट्या कारागिराकडून घेण्यातलं खरं सुख हेच आहे. ज्या हातांनी लादी कापली ते समोर असतात, किंवा निदान तुमच्या निरोपाला उत्तर देतात. मी तीन प्रश्न विचारते. वडी कधी कापली? सुपरफॅट किती? कोरड्या त्वचेला यातली कुठली द्याल? तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. एकदा एका बाईंनी मी उचललेली वडी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, “ही अजून महिनाभर राहू दे माझ्याकडे. तुम्ही ही घ्या, ही पावसाआधीची आहे.” त्यांनी दिलेली वडी फिकट, कडेने किंचित आक्रसलेली होती आणि नखाने टिचकी मारली तर लाकडासारखी वाजत होती. तेव्हापासून त्यांचं म्हणणं मी डोळे मिटून ऐकते.

याच्या उलट, हा साबण त्वचारोग बरे करतो, सुरकुत्या घालवतो असं कोणी सांगू लागलं तर तिथून निघा. साबण अंगावर मिनिटभर असतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. त्याचं काम स्वच्छ करणं, आणि ते करताना त्वचेला कमीत कमी त्रास देणं. त्वचेची खरी तक्रार असेल तर डॉक्टरांकडे जायचं.

पाचवी पायरी: वडी नीट पाहा

वरच्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा सोडा अ‍ॅश, म्हणजे ओल्या साबणाचा हवेशी संयोग होऊन आलेला थर. निरुपद्रवी आहे, पहिल्या धुण्यात जातो. नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलासारखा खवट वास म्हणजे तेल बिघडलंय. अपाय होईलच असं नाही, पण अशी वडी विकत कशाला घ्यायची? आत पांढरे कडक खडे, पाण्याचे कप्पे किंवा हात लावताच खडूसारखी भुगा होणारी वडी असेल तर मात्र हातही लावू नका, तिथे मोकळा सोडा राहिलेला असू शकतो.

सुरुवातीला पूर्ण वडीऐवजी अर्ध्या वड्या किंवा नमुन्याचे तुकडे मागा. बहुतेक कारागीर लादीच्या कडेचे तुकडे बाजूला ठेवतातच. वेगवेगळ्या तेलांच्या तीन तुकड्यांतून जे कळतं ते एकाच मोठ्या वडीतून कळत नाही.

सहावी पायरी: आधी थोड्या जागेवर

नवा साबण दोन-तीन दिवस फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ वापरून पाहा. लाली, खाज, आग काही नसेल तर मग अंगाला. चेहऱ्याचा निर्णय वेगळा घ्या. साबण स्वभावतःच अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) ९ ते १० च्या दरम्यान, आणि त्वचेचा पाचच्या आसपास. निरोगी त्वचा थोड्या वेळात स्वतःला सावरते. चेहरा सगळ्यांचाच तेवढा सोशीक नसतो. केसांना तर मी हा साबण लावतच नाही. जड पाण्यात केसांवर राप बसतो.

जड पाण्याचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा पांढरट राप तयार करतं, तोच बादलीच्या कडेला दिसतो. तुमच्याकडे असं पाणी असेल तर निव्वळ ऑलिव्हची वडी निराश करेल. थोडं जास्त खोबरेल असलेली घ्या आणि अंग नीट धुवा.

सातवी पायरी: वडी कोरडी ठेवा

यातली माझी चूक मोठी होती. एका कारागिराची दुधाची वडी मी सपाट तळाच्या साबणदाणीत ठेवली, तीही शॉवरच्या खाली. आठवड्याभरात तिचा लगदा झाला. बोट खुपसलं तर आत गेलं. महिनाभर मुरवलेलं कोणाचं तरी काम मी पाण्यात घालवलं याचं मला आजही वाईट वाटतं.

साबणदाणीला पाणी निथळायला जागा हवी आणि वडीला खालूनही हवा लागायला हवी. लाकडी पट्ट्यांची किंवा उंच कंगोऱ्यांची साबणदाणी चांगली. ती पाण्याच्या धारेपासून दूर ठेवा. जमलं तर वडी मधोमध कापून एका वेळी अर्धीच बाहेर काढा, किंवा दोन वड्या आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण दिवस सुकायला मिळतो. लावतानाही वडी अंगावर फार वेळ घासू नका. हातावर किंवा ओल्या फडक्यावर फेस करा आणि वडी लगेच जागेवर ठेवा.

उरलेल्या वड्या कागदात सैल गुंडाळून कपाटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, साबण अजून सुकत असतो. खोबरेल आणि ऑलिव्हच्या वड्या वर्षभर आरामात राहतात, सूर्यफूल किंवा तत्सम पातळ तेलं जास्त असलेल्या वड्या आधी संपवा, त्या लवकर खवट होतात.

वाट पाहणं

एक प्रयोग मी सगळ्यांना करायला सांगते. निव्वळ ऑलिव्हच्या सारख्याच दोन वड्या घ्या. एक लगेच वापरा. दुसरीवर तारीख लिहून ती कपाटात मागे ठेवून द्या आणि आठ-दहा महिने विसरून जा. माझी पहिली वडी हाताला चिकट लागायची, फेसाऐवजी तारा सुटायच्या. दुसरी काढली तेव्हा ती हस्तिदंती रंगाची झाली होती, कडा काचेसारख्या गुळगुळीत. फेस आला तो बारीक, दाट, लोशनसारखा. हातावरून तो ओघळतही नव्हता. कृती तीच, लादीही तीच. मधल्या महिन्यांत पाणी उडून गेलं आणि साबणाचे स्फटिक घट्ट बसले. कारागीर याला मुरणं म्हणतात, आणि मुरलेल्या वडीची एकदा सवय झाली की नवी वडी घाईने वापरायला हात होत नाही.

प्रत्येक वडीची एक ओळ लिहून ठेवा: कोणाची, कोणत्या तेलांची, कधी कापलेली, धुतल्यावर दहा मिनिटांनी त्वचा कशी वाटली. ही दहा मिनिटं महत्त्वाची, कारण ओल्या अंगाला प्रत्येक साबण चांगलाच वाटतो. चार-पाच नोंदी झाल्या की तुमच्या त्वचेला कोणतं तेल मानवतं ते कागदावरच दिसू लागेल. ती नोंद कारागिरालाही कळवा. पुढच्या लादीत खोबरेल कमी करायचं की एरंडेल वाढवायचं, हे ते अशाच निरोपांवरून ठरवतात.

आणि शेवटी उरते ती कपची. ती टाकू नका. नवी वडी आणि कपची दोन्ही ओल्या करा, फेस येईपर्यंत एकमेकींवर घासा, दाबून बसवा आणि रात्रभर कोरड्या जागी राहू द्या. सकाळी ती नव्या वडीला घट्ट चिकटलेली असते.